गणित सोडायची अट

दाताचा डॉक्टर व्हायला बारावीला गणित लागत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवीन. आमच्या घरात ते आणलं आत्याने. तिने ते आणलं नारायणगावच्या एका दवाखान्यातून, जिथे तिची दाढ काढली होती. दाढ गेली त्याचं तिला दुःख नव्हतं. माझं गणित गेलं त्याचं मला आहे, आणि अजून आहे. ते कमी झालंय असं मी उगीच म्हणणार नाही.

त्याआधी आमच्या घराचा दातांशी संबंध बेल्ह्याच्या बाजारापुरता होता. वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, बैल घ्यायला जायचे. वय कळायला जबडा उघडून बैल चार दाती का सहा दाती ते बघायचे, आणि घरी आल्यावर त्याच बोटांनी चहात बिस्कीट बुडवायचे. आई ओरडायची. माणसांच्या दातांकडे मात्र कुणी बघत नसे. दुखला तर लवंग, फार दुखला तर मशेरी, आणि त्याहून दुखला तर तो पडेपर्यंत घरच्यांना शिव्या.

आत्या ही तात्यांची थोरली बहीण, निमगाव साव्याला दिलेली. आजोबा लवकर गेले, तात्यांना तिनेच वाढवलं. हे ती दर भेटीत एकदा तरी सांगायची आणि तात्या दर वेळी मान खाली घालून ऐकायचे. त्यामुळे ती सासरी नांदत असली तरी आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच. तर ही आत्या दाढ काढायला गेली आणि दिपून आली. तिथे नवराबायको दोघंही दातांचे डॉक्टर होते. दोन खुर्च्या होत्या. एकीपाशी नवरा, दुसरीपाशी बायको, आणि बाहेर बाकावर गालाला रुमाल बांधून बसलेली माणसं.

"रातचं उठायला नको, कुणाचं मरान हातावर न्हाई," आत्या आमच्या ओट्यावर बसून सांगत होती, गाल अजून सुजलेला. "दोगं पंख्याखाली बसून असत्यात बघ. मानूस रडत येतं आन रडत जातं, पन हात जोडून जातं."

तिला एकच मुलगा. माझ्याच वयाचा, माझ्याच इयत्तेत. आमच्याकडे आत्याच्या मुलाने मामाची मुलगी करायची रीत आहे. सगळीच करतात असं नाही, पण आत्याने ते आम्ही रांगत होतो तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे मी त्याला राखी बांधायची नाही, त्याला भाऊ म्हणायचं नाही, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत होतं. मला तो आवडायचा का? वाईट नव्हता. उंच होता, गप्प होता, ताटात वाढलेलं खायचा. त्या वयात एवढं पुरतं.

दहावीचा निकाल लागला आणि आत्याच्या डोक्यातल्या दोन खुर्च्यांना पाय फुटले. एका खुर्चीपाशी तिचा मुलगा, दुसरीपाशी मी. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. तेव्हा सीईटी वगैरे नव्हती. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीत किती मार्क पडले, त्यावर डॉक्टरकी ठरायची. गणिताचे मार्क तिकडे धरतच नसत. ज्याला इंजिनियर व्हायचं त्याने गणित घ्यायचं. ज्याचं काहीच ठरलं नव्हतं तो चारही विषय घ्यायचा आणि दोन वर्षं मान मोडून अभ्यास करायचा. आणि ज्याला गणित नको, त्याच्यासाठी आमच्या कॉलेजात भूगोल होता.

मला दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे शेहेचाळीस होते. बढाई मारतेय असं वाटेल, तर वाटू दे. त्या चार मार्कांचं काय झालं याचा मी त्या उन्हाळ्यात रोज विचार करायचे. मला गणित का आवडायचं ते मला तेव्हाही पक्कं सांगता आलं असतं. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं उत्तर कोण बोलतंय त्यावर ठरायचं. आत्या बोलली तर बरोबर, आई बोलली तर चूक. गणितात तसं नव्हतं. तिथे उत्तर आलं की आलं, मग ते आत्याला पटो न पटो.

जूनमध्ये बैठक झाली. माझ्या विषयांची आणि माझ्या लग्नाची एकाच बैठकीत, कारण आत्याच्या मते ती एकच गोष्ट होती. पुढच्या खोलीत टोमॅटोची रिकामी क्रेट बाजूला सारून सतरंजी टाकली. तात्या, माझे चुलते, आत्या, तिचे यजमान आणि भावकीतले एक म्हातारे आजोबा. साखरपुडा नव्हता तो. घरातल्या घरात सुपारी फोडायची, साखर वाटायची, म्हणजे शब्द पक्का झाला. लग्न दोघांचं शिक्षण झाल्यावर, दवाखाना नारायणगावात, जागा आत्याकडची. आणि मग आत्या म्हणाली, "पोरीनं गनित सोडायचं."

मी चहा घेऊन दारात उभी होते.

"का गं आक्का?" तात्यांनी विचारलं. एवढं तरी त्यांनी विचारलं.

"लागत न्हाई दाताच्या डाक्टरला. मी इचारून आले. जे लागत न्हाई त्याच्यात डोकं घालून बाकीच्याला कमी पडायचं, हे कशापायी? हिचा नंबर लागला न्हाई तर पोराच्या शेजारी कोन बसंल? भूगोल घ्यू दे. वाचला का झालं."

भावकीतल्या आजोबांनी अडकित्ता थांबवला. "गनित म्हंजी हिशोब न्हवं का? मंग दवाखान्याचा हिशोब कोन ठिवंल?"

सगळे हसले. आत्याचे यजमान म्हणाले, "आन आपल्या पोराचं?"

"त्याचं आसू द्या," आत्या म्हणाली. "त्यानं चारी घ्यायचं. पोराच्या जातीला दोन वाटा आसाव्यात. एक न्हाई झाली तर दुसरी."

हे ती माझ्या देखत म्हणाली, आणि त्यात काही वाकडं आहे असं त्या खोलीत कुणालाही वाटलं नाही. मला गणितात एकशे शेहेचाळीस, त्याला कसेबसे नव्वद. गणित मी सोडायचं आणि त्याने ठेवायचं. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मला गणित ठेवायचंय."

मग आत्या हसली, आणि ते हसू मला अजून दिसतं. "लाडात वाढलीया," ती सगळ्यांना म्हणाली, मी तिथे नसल्यासारखी.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की तिचं गनित. कुनाला खातंय का ते?" तिच्याकडे कुणी मान वळवूनही बघितलं नाही. तात्या म्हणाले, "आक्का म्हनती ते बरूबर हाय." आजोबांनी सुपारी फोडली. माझ्या तळहातावर साखर ठेवली. ती मी आत जाऊन मोरीत टाकली.

कॉलेज नारायणगावात. निमगाव साव्याहून रोज येणं लांब पडतं म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. पुढच्या खोलीत, क्रेटशेजारी त्याची खाट पडली. सकाळी आम्ही एकाच जीपमधून जायचो, तो मागे लटकून आणि मी आत बायकांत. पहिले तीन विषय एकाच वर्गात. मग गणिताचा तास आला की वर्ग फुटायचा. तो तिकडे, मी भूगोलाला. भूगोलाच्या वर्गात आम्ही मूठभर जण, त्यात मुलीच जास्त. बाई वाऱ्यांचे पट्टे सांगायच्या. मधली भिंत पातळ होती. पलीकडून गणिताच्या सरांचा खडू फळ्यावर आपटल्याचा आवाज यायचा. सर उदाहरण तोंडाने बोलत सोडवायचे, त्यामुळे मला अर्धं ऐकू यायचं. उरलेलं अर्धं मी भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लावायचे. माझी भूगोलाची वही पुढून वारे आणि मागून त्रिकोणमिती अशी होती.

त्याला गणित सुटत नव्हतं. पहिले काही दिवस तो एकटाच खाटेवर बसून पान खोडायचा. मग एके संध्याकाळी मी भाजी निवडत होते तिथे येऊन म्हणाला, "तुला येतंय का बघ."

मला आलं. त्याचं पुस्तक मी ओढूनच घेतलं म्हणा ना. त्या दिवसापासून त्याचा गणिताचा गृहपाठ मी करायला लागले. आधी मी माझ्या कागदावर सोडवायचे, मग तो स्वतःच्या अक्षरात उतरवायचा. तो चांगला माणूस होता, उतरवताना "हे असं का?" असं विचारायचा. मग मी समजावून सांगायचे, आणि सांगता सांगता मला आणखी पक्कं व्हायचं. दोन वर्षांचं गणित मी असं चूल आणि खाटेच्या मधे बसून शिकले. कॅल्क्युलस पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला जाऊन मिठी मारली होती. आईने विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना. ती म्हणाली, "वेडी का काय," आणि पोळी उलटवली. त्या घरात त्या दोन वर्षांत मी मनापासून खूश होते ती फक्त तेवढ्या वेळात.

गणिताच्या सरांना संशय आला. गृहपाठ बिनचूक आणि फळ्यापाशी उभं केलं की पोरगा घामाघूम. अकरावीचं पहिलं सत्र संपायच्या आत त्यांनी त्याच्याकडून काढून घेतलं की गृहपाठ कोण करतं. मग त्यांनी मला स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं. रागावतील म्हणून मी घाबरले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाळ, तू भूगोलाला काय करतेस?"

मी म्हणाले, "सर, मला डेंटलला जायचंय. त्याला गणित लागत नाही."

"लागत नाही हे खरं आहे," ते म्हणाले. "पण ठेवलं म्हणून डेंटलवाले कुणाला बाहेर काढत नाहीत. अजून विषय बदलता येतो. वडिलांची सही घेऊन ये. मी ऑफिसात बोलतो."

त्या दिवशी जीपमध्ये मला जागा मिळाली नाही आणि मी मागे लटकून आले. मला ते आवडलं. घरी तात्या टोमॅटोच्या बांधाशी होते, तिथेच जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते, आणि गणित ठेवूनही डॉक्टर होता येतं ते. ते ऐकत होते. मला वाटलं होईल. ते बराच वेळ हातातली सुतळी गुंडाळत राहिले आणि मग म्हणाले, "सुपारी फुटली ना गं बाय. चार मानसांत शब्द दिलाय. आता आक्काला काय सांगू? शब्द मोडला म्हनंल."

"पण त्यात तिचं काय जातंय?"

"जायाचा प्रश्न न्हाई. शब्द तो शब्द."

तात्या वाईट नव्हते. हे मी दर वेळी लिहिते, बोलते, स्वतःलाही सांगते. पण त्या बांधावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती मी गिळली. सरांना जाऊन सांगितलं, घरचे नाही म्हणतात. सर म्हणाले, "बरं." त्यानंतर ते वर्गात जरा मोठ्याने बोलायला लागले, असा माझा समज आहे. खरंच तसं होतं की मला वाटायचं, देव जाणे.

बारावीचा निकाल लागला. मला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मार्क चांगले होते, पण डेंटलला पुरतील एवढे नव्हते. सरकारी कॉलेजचं नावच काढायला नको, आणि खासगीत घालायची आमच्या घरची ऐपत नव्हती. भूगोलात मात्र मी कॉलेजात पहिली आले. त्या पहिल्या नंबराचा पेढा आईने वाटला, मी खाल्ला नाही. त्याचे बायोलॉजीचे मार्क माझ्याहून कमी. डेंटलचं दार त्यालाही बंद झालं. पण त्याला दुसरी वाट होती. गणितात तो इतक्या मार्कांनी पास झाला की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. इंजिनियरिंगला नंबर लागला, पुण्याला.

तो मला म्हणाला, "हे तुझेच मार्क हायेत." प्रामाणिकपणे म्हणाला. पण असले मार्क कुठे बदलून मिळत नाहीत.

आत्या पेढे घेऊन आली. महिनाभरातच पुन्हा आली, या वेळी हात हलवत. तात्यांपाशी ओट्यावर बसली. मी आत तांदूळ निवडत होते आणि सगळं ऐकत होते. आधी पावसाचं बोलली, मग टोमॅटोच्या भावाचं, मग तिच्या गुडघ्यांचं. मग म्हणाली, "तात्या, पोरगं आता विंजनेर व्हनार. त्याला पुन्यातली, शिकल्याली बघावी लागंल. आन आपली पोरगी काय डाक्टर झाली न्हाई."

तात्या म्हणाले, "आक्का, सुपारी फोडलीया आपन."

"तोंडी तर व्हती," आत्या म्हणाली. "घरातल्या घरात. त्याला काय कुनी इचारतंय?"

तात्या भांडतील असं मला वाटलं होतं. बांधावर मला सांगितलेलं 'शब्द तो शब्द' हे निदान एकदा तिला म्हणून दाखवतील, असं वाटलं होतं. त्यांनी आईला हाक मारली आणि म्हणाले, "आक्काला च्या टाक." लग्न मोडल्याचं मला फारसं वाटलं नाही, खरंच नाही. माझा जीव चडफडला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. जो शब्द माझ्यासाठी मोडत नव्हता, तो तिच्यासाठी चहाच्या कपाबरोबर मोडला. आणि ज्या दोन खुर्च्यांसाठी मी गणित सोडलं, त्यांतली एकही खुर्ची कधी घेतली गेली नाही.

तरी मी हट्ट सोडला नाही. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या क्लार्कने सांगितलं, बारावी पास झालेल्यालाही एकच विषय घेऊन पुन्हा परीक्षेला बसता येतं. फेब्रुवारीत फक्त गणिताचा पेपर द्यायचा, बाकी काही नाही. दोन वर्षांचं गणित माझं तयार होतं. दुसऱ्या दिवशी बसवलं असतं तरी मी बसले असते. गणित पदरात पडलं तर पुढे गणितात बीएस्सी करता येत होती. आमच्याकडे नुकतंच कॉम्प्युटरचं वारं आलं होतं, त्यालाही बारावीचं गणित लागायचं. पुन्हा मी तात्यांपुढे उभी राहिले. या वेळी आईही माझ्याबरोबर उभी राहिली.

तात्यांनी हे मात्र उडवून लावलं नाही. त्यांनी खरोखर विचार केला, आणि म्हणूनच त्यांचं उत्तर मला जास्त लागलं. "लग्न मोडल्यालं समद्या गावाला म्हाईत हाय," ते म्हणाले. "आता तू बारावीच्या परीक्षेला परत बसली, तर लोक काय म्हन्तील? पोरगी नापास झाली, म्हनून आत्यानं सोडली. कुनाकुनाला सांगत बसू, एकच इषय व्हता म्हनून? दुसरं ठिकान कसं यायाचं तुला?"

ज्यात मी कधी नापास होऊ शकले नसते, त्यात मी नापास झाले असं लोक समजतील, म्हणून मी त्याचा पेपर द्यायचा नाही. हे मी किती तरी वेळा उलटून पालटून पाहिलं. यात कुठेच गणित नाही. यात फक्त लोक आहेत.

मग जुन्नरच्या कॉलेजात झूलॉजी घेऊन बीएस्सी केली. बेडूक कापले, गांडूळ कापले, त्यांची चित्रं काढली. वाईट विषय नव्हता, पण मला त्याची हौस नव्हती, आणि हौस नसलेल्या गोष्टीत माणूस नेटकं वागायला शिकतं, तेवढी मी शिकले. लग्न आंबेगाव तालुक्यात झालं, मंचरजवळ. नवरा दूध संकलनाच्या कामात, सरळ माणूस. पुढे मंचरला एका खासगी शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली. एकदा तिथे गणिताच्या बाई सोडून गेल्या. मी हेडमास्तरांना म्हणाले, मी घेते गणित. त्यांनी माझे कागद काढले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या बारावीला गणित नाही. पालकांना काय सांगायचं?" मी म्हणाले, बरोबर आहे. भांडायचं कुणाशी, ते तर नियमाने बोलत होते.

तात्या गेले. त्यानंतर दोन-एक वर्षांनी, हातात मोबाइल आल्यावरच्या काळात, आत्याचा फोन आला. तिचे सगळे दात गेले होते. कवळी बसवायची होती. मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत, त्याला रजा नाही. सून नोकरी करणारी. "तू यी की," आत्या म्हणाली. "तुला दाताचं कळतंय. त्याचंच शिकनार व्हतीस न्हवं तू?"

मी गेले. माहेरचं माणूस म्हणून गेले असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं सांगायचं तर तिचं रिकामं तोंड बघायला गेले.

दवाखाना नारायणगावातच, पण नवा. एकच खुर्ची, पंचविशीतली एक डॉक्टर मुलगी. तिने आत्याला खुर्चीवर बसवलं, गळ्याला कागदी रुमाल बांधला, आणि मापाचा गुलाबी मसाला भरलेला ट्रे तिच्या तोंडात दाबला. "हलायचं नाही आजी, बोलायचं नाही. घट्ट होईपर्यंत असंच बसायचं." आत्या डोळे वटारून छताकडे बघत होती. तोंड भरलेलं, हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा तिला गप्प बसलेलं बघत होते.

मी विचारलं, "डॉक्टर, बारावीला तुम्हाला गणित होतं?"

ती मास्कच्या आड हसली. "होतं की. चारही विषय होते. पप्पा म्हणाले, आवडतंय तर ठेव. डेंटलला धरत नाहीत गणित, पण असलं म्हणून काय बिघडतंय? त्याने फिजिक्सला मदतच झाली." आणि मग, "का हो?"

"सहज," मी म्हणाले, पण आत्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. काहीतरी येईल असं मला वाटत होतं, काय ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांनी एखादा शब्द, निदान मान खाली घालणं.

डॉक्टरने ट्रे काढला. आत्याने चूळ भरली, ओठ पुसले, आणि रिकाम्या तोंडाने म्हणाली, "मी तुझ्या बाला तवाच म्हनले व्हते. पोरीला आवडतंय तर ठिवू दे गनित. पन त्यो कुनाचं ऐकतोय व्हय!"

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. तात्या गेलेले, चुलते अंथरुणाला खिळलेले, सुपारी फोडणारे आजोबा कधीच गेले. तिचे यजमान तर तिच्याविरुद्ध जन्मात बोलले नव्हते. उरलो होतो आई आणि मी, आणि आम्हा दोघींचं त्या खोलीत कधी कुणी धरलंच नव्हतं.

"आत्या, खोटं बोलतीस तू," मी म्हणाले. डॉक्टर मुलगी हातमोजे काढता काढता थांबली.

"आसंल बाई," आत्या म्हणाली. "म्हातारपनी काय आठवतंय का?" आणि पदराने हनुवटी पुसली.

कवळी पुढच्या मंगळवारी बसवायची होती. जीपच्या थांब्यावर आत्याने माझं मनगट धरलं. "मंगळवारी येशील न्हवं? एकलीला भ्या वाटतंय मला. शब्द दे."

"दिला," मी म्हणाले.

मंगळवारी मी गेले नाही. मी शाळेत होते. सातवीच्या गणिताच्या बाई रजेवर होत्या, वर्गात गोंधळ चालला होता. हेडमास्तर म्हणाले, जरा बसा तिथे. मी बसले नाही, शिकवलं. एक समीकरण फळ्यावर मांडलं आणि सोडवलं. मुलं गप्प झाली. तेवढ्यात हेडमास्तर दारात डोकावले, फळा बघितला आणि म्हणाले, "बाई, विज्ञानाचा धडा कुठवर आलाय?" मी फळा पुसून टाकला.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती एकटीच जाऊन आली होती. नव्या दातांत तिची जीभ अडखळत होती, बोलणं धड उमटत नव्हतं, पण राग कळत होता. "वाट बघून बघून डोळं गेलं माझं. चार मानसांत एकलीच बसले व्हते. शब्द दिला व्हतास तू मला."

"तोंडी होता, आत्या," मी म्हणाले.

पलीकडे ती गप्प झाली. मला बरं वाटलं. फार वेळ नाही, फोन ठेवेपर्यंतच.